समलैंगिकता, पाप आणि मंडळीची सहभागिता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा उपासना संपून माणसं पांगल्यावर, पाळकांना किंवा एखाद्या जवळच्या विश्वासणाऱ्याला बाजूला घेऊन विचारले जातात. विचारणारे आईवडील असतात, मित्र असतात, आणि पुष्कळदा ज्याच्याबद्दल प्रश्न आहे तो माणूस स्वतःच असतो.

इथे दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. समलिंगी संबंध पाप आहेत का, ही पहिली. तिच्यावर आज ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये खरे आणि खोल मतभेद आहेत. दोन्ही बाजूंनी प्रार्थनाशील, शास्त्र गांभीर्यानं घेणारी माणसं आहेत, म्हणून दोघांचं म्हणणं दिलं आहे. समलिंगी माणसाशी आपण कसं वागायचं, त्याच्यासोबत उठायचं-बसायचं की नाही, ही दुसरी गोष्ट. तिच्याबद्दल शास्त्र आपण समजतो त्याहून कितीतरी स्पष्ट बोलतं, आणि तिथे हातचं काही राखलेलं नाही.

समलिंगी व्यक्ती ख्रिस्ती असू शकते का?

हो. समलिंगी संबंधांना ठाम विरोध करणाऱ्या मंडळ्याही, कोणाकडे आकर्षण वाटतं यावरून तारण ठरतं असं शिकवत नाहीत. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे आहे. त्याला लैंगिक कलाची पुरवणी जोडलेली नाही.

पण नुसतं आकर्षण असणं, हेच पाप नाही का?

याचं उत्तर परंपरेनुसार थोडं बदलतं आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथल्या गोंधळामुळे कितीतरी तरुण माणसं विनाकारण स्वतःला शापित समजत जगतात.

इब्री लोकांस पत्र (४:१५) सांगतं की येशू सर्व प्रकारे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मोह होणं आणि पाप करणं या एकच गोष्टी नव्हेत. याकोब (१:१४-१५) हाच क्रम मांडतो: आधी वासना ओढते, मग ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते. कॅथलिक शिकवणीत ही गोष्ट १५४६ मध्येच त्रेंतच्या धर्मपरिषदेत ठरली. बाप्तिस्म्यानंतरही माणसात वासनेचा कल उरतो, पण तो कल म्हणजे प्रत्यक्ष पाप नव्हे.

रिफॉर्म्ड परंपरा (कॅल्विनच्या शिकवणीवर चालणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्या) इथे अधिक कडक आहे. १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार म्हणतो की आपला बिघडलेला स्वभाव आणि त्याच्या सर्व हालचालीही खऱ्या अर्थानं पापच आहेत. काही प्रेस्बिटेरियन मंडळ्या याच आधारावर समलिंगी आकर्षणाबद्दलही पश्चात्ताप करायला सांगतात. मात्र हे वाक्य सगळ्यांच्या सगळ्या चुकीच्या इच्छांबद्दल आहे. पतीच्या मनात परस्त्रीबद्दल येणारा विचार, शेजाऱ्याच्या भरभराटीनं होणारी जळजळ, पैशाची हाव हे सगळं त्यात येतं. एका समलिंगी मुलाला उभं करून त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ते वाक्य ठेवणं म्हणजे त्या विश्वासांगीकाराचाही गैरवापर आहे.

शास्त्रातले नेमके कोणते उतारे या वादात येतात?

थेट उल्लेख मोजकेच आहेत. जुन्या करारात उत्पत्ती १९ मधली सदोमाची कथा, आणि लेवीय १८:२२ व २०:१३. नव्या करारात रोमकरांस पत्र १:२६-२७, करिंथकरांस पहिलं पत्र ६:९-१० आणि तीमथ्याला पहिलं पत्र १:१०.

पारंपरिक मताचा खरा पाया मात्र या उताऱ्यांत नाही. तो उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे: देवानं नर व नारी निर्माण केली, आणि ती दोघं एकदेह होतील. या मतानुसार विवाह हा स्त्री-पुरुषांमधला करार आहे, ही सृष्टीचीच घडण आहे आणि बाकीचे उतारे तिच्यावर उभे आहेत. सुमारे एकोणीस शतकं ख्रिस्ती जगानं हेच एकमुखानं शिकवलं. हे वजन कमी लेखू नये.

समलिंगी विवाहाला मान्यता देणारे अभ्यासक म्हणतात की पौलासमोर जे होतं ते ग्रीक-रोमन जग होतं. तिथे असे संबंध बरेचदा मालक आणि गुलाम, प्रौढ पुरुष आणि कोवळा मुलगा, किंवा पैसे देणारा आणि विकला जाणारा यांच्यात असत. दोन समान प्रौढांनी आयुष्यभर एकनिष्ठ राहण्याचा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नव्हता. करिंथकरांच्या पत्रातल्या ‘आर्सेनोकोइताई’ (‘पुरुष’ आणि ‘शय्या’ या ग्रीक शब्दांपासून बनलेल्या) या शब्दाच्या अर्थावरही वाद आहे. पारंपरिक अभ्यासक दाखवतात की तो लेवीयच्या ग्रीक भाषांतरातल्या शब्दांवरून बनलेला दिसतो, आणि रोमकरांस पत्रात पौल शोषणाबद्दल नव्हे तर ‘एकमेकांविषयीच्या’ कामवासनेबद्दल बोलतो.

माझ्या मते रोमकरांस पहिला अध्याय हीच या वादाची खरी कसोटी आहे. मान्यता देणाऱ्यांना त्याच्यापाशी थांबून उत्तर द्यावंच लागतं. आणि तो उतारा दुसऱ्यांवर फेकणाऱ्यांना पुढची पानं वाचावी लागतात. त्याच अध्यायाच्या शेवटी दिलेल्या यादीत पौल हेवा, चहाडी, गर्व, निर्दयता ही पापं घालतो आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात वाचणाऱ्याकडे वळून म्हणतो, दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुला सबब नाही.

सदोमाचा नाश याच पापामुळे झाला ना?

सदोमाच्या कथेत आहे तो परक्या पाहुण्यांवर सामूहिक बलात्काराचा प्रयत्न. दोन माणसांच्या संमतीनं जुळलेल्या नात्याबद्दल ती काहीच सांगत नाही. यहेज्केल (१६:४९-५०) सदोमाचं पाप असं सांगतो: गर्व, अन्नाची रेलचेल, निश्चिंत सुख आणि गोरगरिबांना हात न देणं, आणि त्यासोबत अमंगळ कृत्यं. यहूदाच्या पत्रात लैंगिक अनीतीचाही उल्लेख आहे. तरी पारंपरिक मत मानणाऱ्या बऱ्याच अभ्यासकांनीही आता या कथेवर भिस्त ठेवणं सोडलं आहे, आणि ते योग्यच झालं.

लेवीयमध्ये मिश्र धाग्यांच्या कापडालाही मनाई आहे. ते आपण पाळत नाही, मग हेच का पाळायचं?

हा युक्तिवाद ऐकायला चटपटीत आहे, पण तो फार पुढे जात नाही. त्याच अध्यायांत आईवडिलांचा मान राखा, परदेशीयावर जुलूम करू नका, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा याही आज्ञा आहेत, आणि त्या आपण धरून ठेवतो. मंडळीनं फार पूर्वीपासून विधीचे नियम आणि नैतिक नियम असा भेद केला आहे. वाद आहे तो हा नियम कोणत्या बाजूला पडतो याचा. नव्या करारात तो पुन्हा आला आहे, हा पारंपरिक बाजूचा मजबूत मुद्दा. दुसरीकडे, लेवीय २०:१३ मध्ये मरणदंड सांगितला आहे आणि तो आपण लागू करत नाही. म्हणजे ते वचन जसंच्या तसं कोणीच पाळत नाही, हेही तितकंच खरं.

येशू यावर काहीच बोलला नाही. मग इतका वाद कशाला?

तो थेट बोलला नाही हे खरं. पण त्याच्या मौनातून मान्यता काढता येत नाही, तशी निंदाही काढता येत नाही. मत्तय १९ मध्ये त्यानं उत्पत्तीचा दाखला देऊन विवाहाबद्दल शिकवलं आहे आणि पारंपरिक बाजू त्याच्यावर बोट ठेवते.

पण तो दाखला कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात आला, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. परूश्यांनी विचारलं होतं घटस्फोटाबद्दल. म्हणजे आज समलिंगी माणसांविरुद्ध सर्वाधिक वापरलं जाणारं येशूचं वचन मुळात बायकोला टाकणाऱ्या पुरुषांना उद्देशून आहे. घटस्फोटाच्या बाबतीत मंडळ्यांनी काय केलं? ऑर्थोडॉक्स मंडळी खूप पूर्वीपासून काही परिस्थितीत पुनर्विवाहाला मुभा देते. चर्च ऑफ इंग्लंडनं २००२ मध्ये घटस्फोटितांना काही अटींवर चर्चमध्ये पुन्हा विवाह करू दिला. कितीतरी मंडळ्यांत पुनर्विवाह केलेली माणसं गायनवृंदात आहेत, शब्बाथशाळेत शिकवतात. येशूचं वचन कडक ठेवूनही मोडलेल्या संसारांतल्या माणसांना जवळ कसं करायचं हे मंडळी शिकली. हे शिकता येतं, याचा तो पुरावा आहे.

त्याच अध्यायात पुढे (१९:१२) येशू षंढांबद्दल बोलतो: कोणी जन्मतः तसे, कोणाला माणसांनी तसं केलेलं, कोणी स्वर्गाच्या राज्यासाठी तसे राहिलेले. रूढ कुटुंबाच्या चौकटीत न बसणाऱ्यांना तो नाकारत नाही, त्यांची नोंद घेतो. यशया (५६:३-५) अशा माणसांना पुत्र व कन्या यांहून श्रेष्ठ नाव देण्याचं वचन देतो, आणि प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय ८) फिलिप्प वाटेतच एका कूशी षंढाला बाप्तिस्मा देतो.

वेगवेगळ्या मंडळ्यांची आज भूमिका काय आहे?

कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (१९९२, परिच्छेद २३५७ ते २३५९) समलिंगी कृतींना नैसर्गिक नियमाविरुद्ध मानते आणि समलिंगी व्यक्तींना ब्रह्मचर्याचं पाचारण करते. तीच शिकवण सांगते की त्यांना आदरानं, करुणेनं, संवेदनशीलतेनं स्वीकारावं आणि अन्यायकारक भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा क्वचितच ऐकू येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये विमानात पत्रकारांशी बोलताना ‘न्याय करणारा मी कोण?’ असं विचारलं ते गाजलं. शिकवण त्यांनी बदलली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकननं अशा जोडप्यांना विवाहविधीशी साम्य नसलेला साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली, आणि आफ्रिकेतल्या बिशपांनी काही आठवड्यांतच आपल्याकडे तो दिला जाणार नाही असं कळवलं.

ऑर्थोडॉक्स मंडळ्या पारंपरिक शिकवणीवर ठाम आहेत. पेंटेकॉस्टल आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांपैकी बहुतेकही.

अँग्लिकन बिशपांनी १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठरवलं की समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत आहे. त्याच ठरावात समलिंगी माणसांचे अनुभव ऐकून घेण्याचं वचनही दिलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेत जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या धर्मगुरूंना बिशप नेमल्यावर जगभरच्या अँग्लिकन सहभागितेला पडलेली चीर अजून बुजलेली नाही. युनायटेड मेथडिस्ट मंडळीनं १९७२ पासून बाळगलेलं विरोधाचं वाक्य २०२४ मध्ये काढून टाकलं. तोवर सुमारे ७,६०० स्थानिक मंडळ्या तिच्यातून बाहेर पडल्या होत्या. चर्च ऑफ स्वीडन (२००९) आणि अमेरिकेतली एपिस्कोपल मंडळी (२०१५) समलिंगी विवाह लावतात.

हे पाप इतर पापांपेक्षा मोठं आहे का?

पारंपरिक शिकवण मानली तरीही, नाही. करिंथकरांच्या ज्या यादीचा दाखला देतात त्यात चोर, लोभी, दारुडे, निंदा करणारे आणि लुबाडणारे एकाच दमात आले आहेत. सुवार्तांमध्ये येशूचे सर्वांत कठोर शब्द धार्मिक ढोंगावर आहेत.

‘पापाचा द्वेष करा, पाप्यावर प्रेम करा’ हे बरोबर आहे ना?

हे वाक्य बायबलमध्ये नाही. त्याचं मूळ संत ऑगस्टीन यांच्या एका पत्रात (क्रमांक २११) सापडतं: माणसांवर प्रीती आणि दोषांचा तिरस्कार. ते पत्र एका मठातल्या भगिनींना लिहिलेलं आहे. रोज एकत्र प्रार्थना करणाऱ्या, एकाच पंगतीला बसणाऱ्या स्त्रियांनी एकमेकींची चूक कशी सुधारावी, याबद्दलचा तो सल्ला होता. सुधारणारी आणि सुधारली जाणारी दोघी त्याच घरात राहत होत्या.

आज हे वाक्य बहुधा दुरून उच्चारलं जातं. ज्याच्या आजारपणात आपण कधी गेलो नाही, ज्याचं पूर्ण नावही आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यावर आपण प्रेम करतो हे सांगायला. ऐकणाऱ्याला त्यातला द्वेष तेवढा पोहोचतो. हे वाक्य म्हणायचंच असेल तर आधी त्या माणसाला आपलं प्रेम दिसलेलं असलं पाहिजे.

पौल म्हणतो, अशा माणसाबरोबर जेवूही नका. मग आम्ही संबंध ठेवायचे कसे?

या विषयावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण याच वचनावरून घरं तुटली आहेत.

तो उतारा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आहे. करिंथच्या मंडळीत एक माणूस आपल्या बापाच्या बायकोला ठेवून होता, आणि मंडळीला त्याची लाज नव्हती. ती फुगून गेली होती. पौल संतापून लिहितो. पण लिहितानाच थांबून खुलासा करतो (५:१०-१२): मी जगातल्या माणसांबद्दल बोलत नाही, तसं असतं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागलं असतं, बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही. म्हणजे जे स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नाहीत असे शेजारी, सहकारी, वर्गमित्र, नातलग यांच्याशी संबंध तोडायला हा उतारा सांगतच नाही. आपण नेमकं उलट करतो. बाहेरच्यांवर बोट रोखतो आणि आतल्यांना सांभाळून घेतो.

आता आतल्यांबद्दल. ११ व्या वचनात पौल यादी देतो: जारकर्मी, लोभी, मूर्तिपूजक, निंदा करणारा, दारुडा, लुबाडणारा. तुमच्या मंडळीत लोभी म्हणून कोणाला आजवर पंगतीतून उठवलं आहे का? भावाची जमीन गिळणाऱ्याला? सासूसुनांत आग लावणाऱ्या निंदकाला? यादीतला एकच शब्द उचलायचा, तो एकाच प्रकारच्या माणसांना लावायचा आणि बाकीच्यांना पुढच्या रांगेत बसवायचं, याला मंडळीची शिस्त म्हणता येत नाही. (समलिंगी विवाह मान्य करणारे ख्रिस्ती म्हणतील की एकनिष्ठ जोडपं या यादीत बसतच नाही. तो वाद वर आला आहे. पण जे बसतं असं मानतात, त्यांनीही यादी पूर्ण वाचली पाहिजे.)

शिस्तीचा हेतूही पौल सांगतो. त्या माणसाचा आत्मा तारला जावा. दुसऱ्या पत्रात (२:६-८) तो शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. तो हाच माणूस की दुसरा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण पौलाचं मन तिथे दिसतं. थेस्सलनीकाकरांना (दुसरं पत्र ३:१५) तो बजावतो की अशाला शत्रू मानू नका, भाऊ समजून बोध करा.

आणि या सगळ्याच्या वर येशूचं स्वतःचं वागणं आहे. हा पाप्यांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो, ही त्याच्यावरची तक्रार होती (लूक १५:२). जक्कय हा जकातदार होता. त्याच्या घरी जाताना येशूनं आधी लुटलेले पैसे परत कर अशी अट घातली नाही. उंबराच्या झाडाखाली उभं राहून म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरले. चौपट परत करण्याची गोष्ट जक्कयाच्या तोंडून त्यानंतर आली.

अंत्युखियात पेत्रानं काय केलं तेही आठवावं (गलतीकरांस २:११-१४). तो विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर बसून जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आल्यावर तो हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याला त्या माणसांची भीती वाटली. त्याचं पाहून बाकीचेही उठले, बर्णबासुद्धा. पौलानं सर्वांसमोर त्याला तोंडावर सुनावलं. लोक काय म्हणतील या भीतीनं पानावरून उठणं हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही, असं त्यानं ठरवलं.

मत्तय १८ प्रमाणे पाप करणारा भाऊ ऐकत नसेल तर त्याला विदेशी व जकातदारासारखा समजायचं, असं येशूच म्हणाला ना?

म्हणाला. आणि जकातदारांशी येशू कसा वागला, ते वर आलंच आहे. हे वचन लिहून ठेवणारा मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला, असं परंपरा सांगते.

शिवाय त्या उताऱ्याची पहिली पायरी आहे एकट्यानं जाऊन, तो आणि तुम्ही दोघंच असताना बोलणं. ती पायरी जवळजवळ नेहमीच गाळली जाते. एखादी आई मोठ्या धीरानं प्रार्थनासभेत म्हणते, माझ्या मुलासाठी प्रार्थना करा. सभा संपते, चपला घालताना दोघी तिघी थांबतात, ‘काय झालं असेल?’ अशी सुरुवात होते, आणि संध्याकाळपर्यंत मुलाच्या फोनवर एका दूरच्या मावशीचा संदेश येतो, त्यात तीन वचनं आणि एका पाळकांचा नंबर. त्या मुलाशी कोणीही एकट्यानं बोललेलं नसतं. प्रार्थनेच्या नावानं झालेली ही चहाडी रोमकरांच्या त्याच यादीत आहे.

प्रभुभोजन द्यावं की नाही?

कॅथलिक ख्रिस्तसभेत उघड गंभीर पापात हट्टानं राहणाऱ्याला ख्रिस्तप्रसाद देऊ नये असा नियम आहे (चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन ९१५). तो कोणाला कसा लावायचा यावर धर्मगुरूंतही मतभेद आहेत. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या करिंथकरांस पहिलं पत्र ११:२८ प्रमाणे प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी असं सांगून निर्णय त्याच्यावर सोडतात. मान्यता देणाऱ्या मंडळ्यांत हा प्रश्नच उरत नाही.

अयोग्य रीतीनं खाण्याबद्दलचा पौलाचा इशारा मुळात कोणाला होता, तेही पाहावं. करिंथात काही जण आधीच पोटभर खाऊन घेत आणि ज्यांच्याजवळ काही नाही ते उपाशी राहत. गरिबाला लाजवून केलेलं भोजन प्रभूचं नव्हे, हे तो सांगत होता.

उपचारानं किंवा प्रार्थनेनं हे बदलता येतं का?

अमेरिकन मानसोपचार संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये. कल बदलण्याचे ‘उपचार’ चालतात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि त्यातून नैराश्य व आत्महत्येचे विचार वाढतात हे दिसून आलं आहे. ख्रिस्ती अनुभवही तेच सांगतो. १९७६ पासून हेच काम करणारी ‘एक्सोडस इंटरनॅशनल’ ही सर्वांत मोठी संस्था २०१३ मध्ये तिचे प्रमुख ॲलन चेंबर्स यांनी माफी मागून बंद केली. भेटलेल्या जवळजवळ कोणाचाही कल बदललेला नाही, हे त्यांनी आधीच कबूल केलं होतं.

प्रार्थना जरूर करावी. पण उपासाला बसवणं, भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, ‘नीट होईल’ म्हणून लग्न लावून देणं, हे करू नये. शेवटच्यात तर एका निरपराध तिसऱ्या माणसाचं आयुष्य ओढलं जातं.

मग आमची मंडळी आजन्म ब्रह्मचर्य सांगते, ते चूक आहे का?

येशू आणि पौल दोघेही अविवाहित होते, आणि ब्रह्मचर्याला ख्रिस्ती जीवनात सुरुवातीपासून मानाचं स्थान आहे. समलिंगी आकर्षण असलेली, पारंपरिक शिकवण मनापासून मानून संयमानं जगणारी माणसं आहेत. त्यांना दबलेले किंवा फसलेले ठरवणं हाही अन्याय आहे.

पण जी मंडळी हे ओझं देते, तिच्यावर तितकीच जबाबदारी येते. येशूनं घरदार सोडणाऱ्याला याच काळात शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया देण्याचं वचन दिलं (मार्क १०:२९-३०). ती घरं म्हणजे तुमची-आमची घरं. त्या माणसाच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्यात कोण बसतं? सणाला तो कोणाकडे असतो? म्हातारपणी त्याला कोण बघणार? याची उत्तरं मंडळीकडे नसतील, तर ती त्याला ब्रह्मचर्याच्या नावाखाली एकटेपण देते आहे. मान्यता देणारे ख्रिस्ती याच ठिकाणी विचारतात की पौल ज्याला दान म्हणतो ते सक्तीनं कसं देता येईल (पहिलं करिंथकरांस ७:७-९). या प्रश्नाला पारंपरिक बाजूनं वागण्यातून उत्तर द्यायला हवं.

माझ्या मुलानं (किंवा मुलीनं) आत्ताच सांगितलं. मी काय करू?

जवळ घ्या. सांगितलंस ते बरं केलंस, एवढं म्हणा. आज वचनं दाखवू नका. चर्चमध्ये वाढलेल्या मुलाला ती तुमच्याइतकीच पाठ असतात, आणि तुमच्याशी बोलण्याआधी त्यानं ती रात्र रात्र वाचलेली असतात. तुम्हाला धक्का बसला असेल, रडू येईल, ते साहजिक आहे. ते विश्वासू माणसाजवळ मोकळं करा, पण कोणाला सांगायचं हे मुलाला विचारून.

घराबाहेर काढू नका. फोन, शिक्षण, पैसा तोडू नका. घरानं नाकारलेल्या तरुणांत आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. मरणाची भाषा ऐकू आली तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तुमचं शास्त्राबद्दलचं मत जे आहे ते राहू शकतं. मुलाला ते बहुधा आधीच माहीत आहे. आपण अजून या घरातले आहोत का, हे मात्र त्याला माहीत नसतं.

समलिंगी मित्राच्या लग्नाला जावं का?

काहींना वाटतं की उपस्थिती म्हणजे संमती. काहींना वाटतं की मित्राच्या सुखदुःखात असणं एवढाच तिचा अर्थ. पौल मूर्तींना वाहिलेल्या मांसाबद्दल बोलताना विश्वास न ठेवणाऱ्याचं निमंत्रण स्वीकारून जेवायला मोकळीक देतो, आणि विवेकाचाही मान राखायला सांगतो (पहिलं करिंथकरांस १०:२७-२९). तेव्हा हा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकाचा आहे. जाणार नसाल तर निमित्त काढू नका. समोर बसून सांगा, आणि नंतर त्या दोघांना घरी बोलवा. गेलात, तर तोंड वाकडं करून बसू नका.

आमच्या मंडळीत असं कोणीच नाही. मग हा विषय कशाला?

बहुधा आहे. सांगितलेलं नाही, इतकंच.

मी स्वतः समलिंगी आहे. मंडळीत सांगावं का?

सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. सांगावंसं वाटलं तर आधी एका माणसाला सांगा, ज्यानं दुसऱ्यांची गुपितं तुमच्याजवळ कधी उघडी केलेली नाहीत अशा. मंडळीची शिकवण काय आहे आणि त्याचा तुमच्या सेवेवर, संगीतावर, शब्बाथशाळेवर काय परिणाम होईल हे आधी विचारून घेतलेलं बरं. घरात हिंसेची भीती असेल किंवा तुम्ही पैशांसाठी पूर्णपणे घरच्यांवर अवलंबून असाल, तर थांबा आणि राहायला दुसरी सुरक्षित जागा आहे का ते आधी बघा. आणि कोणी म्हणालं की देवानं तुम्हाला टाकलं आहे, तर ते त्या माणसाचं म्हणणं आहे.

या विषयावर ज्यांचं मत वेगळं आहे अशा ख्रिस्ती लोकांबरोबर सहभागिता ठेवावी का?

काही जण रोमकरांस १४ चा आधार घेतात: मतभेद असले तरी एकमेकांना स्वीकारा. पारंपरिक बाजू म्हणते, तो अध्याय खाण्यापिण्याचा आणि दिवस पाळण्याचा आहे, लैंगिक नीतीचा नाही. ही हरकत गंभीर आहे. एकाच मंडळीत दोन्ही प्रकारे विवाहविधी चालवणं खरंच अवघड आहे, आणि म्हणून काही मंडळ्या वेगळ्या झाल्या. पण वेगळं होणं आणि समोरच्याला ‘ख्रिस्तीच नाही’ किंवा ‘द्वेष्टा’ ठरवणं यात फार अंतर आहे. प्रार्थना, गरिबांची सेवा, संकटातली मदत आजही एकत्र करता येते, आणि कितीतरी ठिकाणी ती होते.

आमच्यातून एक जण दुखावून निघून गेला. आता संपर्क करावा का?

करावा. तुमच्याकडून काय झालं ते नेमकं सांगून माफी मागा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हणू नका. परत ये असं लगेच म्हणू नका. तो कसा आहे, काम काय करतो, आई कशी आहे हे विचारा. त्याच्यासोबत कोणी असेल तर त्या माणसाचं नाव विचारा आणि लक्षात ठेवा. भेटायला बोलवलंत तर त्या दोघांनाही बोलवा, आणि त्या दिवशी पाळकांना अचानक बोलावून ठेवू नका. उत्तर आलं नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करा.